भावाला नोटीस आलीय आणि गाव त्याच्या पाठिंब्याची मोहीम काढतंय. होऊ द्यावी का?

थोरली_आक्का

माझा धाकटा भाऊ पोलीस शिपाई आहे. जिल्हा आणि ठाणं सांगत नाही, समजून घ्या. डीबी पथकात, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकात होता. होता म्हणते, कारण परवापासून ठाण्यातून काढून मुख्यालयात जमा केलाय.

बाजारच्या दिवशी मंगळसूत्र हिसकावून पळणारी दोन पोरं यांच्या पथकानं धरली. घटनास्थळाच्या पंचनाम्याला नेताना भर पेठेतून चालवत नेलं. हाताला दोरी, त्यातला एक लंगडत होता. कुणीतरी शूटिंग केलं. आमच्या भावानं ते घेऊन रील बनवलं: गणवेशात, गॉगल लावून, चाल संथ केलेली, मागं ढोल. आरोपींचे चेहरे उघडे. खाली ओळ, 'आमच्या हद्दीत माज चालत नाही.'

दोन दिवसांत लाखोंनी बघितलं. गावातल्या पोरांनी त्याच्या नावाचं फॅन पेज काढलं, एसटी स्टँडवर 'ढाण्या वाघ' म्हणून फ्लेक्स लागला. आई दळण घ्यायला जाते तरी मोबाइल पदराखाली घेऊन जाते, भेटेल त्याला दाखवायला. पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर पळून पळून पोरानं पायाची सालं काढली होती, तिला कौतुक वाटणारच.

मग कारणे दाखवा नोटीस. गणवेशात रील का केलं, आरोपींचे चेहरे का दाखवले, सात दिवसांत खुलासा द्या. आता गाव पेटलंय. हॅशटॅग ठरलाय, सह्या सुरू आहेत, सोमवारी अधीक्षक कार्यालयावर मोर्चा. एक स्थानिक पुढारी पुढं झालेत, निवेदन स्वतः देतो म्हणतात. भाऊ तोंडानं काही बोलत नाही, पण फॅन पेजवरच्या प्रत्येक पोस्टला लाइक करतो.

माझा प्रश्न साधा आहे. या पाठिंब्यानं त्याचं भलं होईल की वाटोळं?

आणि एक खुपतंय तेही लिहिते. त्या रीलखाली लोकांनी 'पाय तोडा साहेब', 'कोर्टात नेऊच नका, तिथंच निकाल लावा' असं लिहिलंय आणि भावानं त्याला हात जोडल्याची चित्रं टाकलीत. घरी कुत्र्याला दगड मारला तरी ओरडणारा पोरगा आहे तो.

कडक_चहा

ताई, मोर्चा निघालाच पाहिजे. मला एक सांगा, कोयता घेऊन, केकवर तलवार चालवून रील टाकणाऱ्यांना नोटीस कोण देतं? त्यांचे लाखो फॉलोअर चालतात आणि आपल्या पोरानं दोन चोर पकडून एक रील टाकलं की खात्याला शिस्त आठवते. 2025 च्या ऑक्टोबरात नाशिकमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. एरवी भाईगिरी करणारे पोलिसांसमोर हात जोडून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' म्हणत होते. गल्लीतल्या बाया-माणसांना किती बरं वाटलं ते विचारा. पोरांच्या डोक्यातली भाईची हवा भाषणानं जात नाही, असल्या व्हिडिओनं जाते. जनता पाठीशी असली की साहेब लोकही दहादा विचार करतात.

अर्दलीरूम

ताई, मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची बरीच वर्षं कोर्ट पैरवीला, म्हणजे पोलिसांच्या खटल्यांचा कोर्टात पाठपुरावा करण्यात काढली. तुम्हाला न आवडणारं लिहितोय, पण पूर्ण वाचा.

आधी मोर्चा. तो थांबवा, आजच. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये साफ आहे की नोकरीच्या बाबतीत वरिष्ठांवर बाहेरून दबाव आणायचा नाही. पुढाऱ्यानं निवेदन दिलं की ते 'यानंच द्यायला लावलं' असं धरलं जातं आणि एका नोटिशीच्या दोन होतात. भाऊ फॅन पेजला लाइक करतोय ना, त्याचे स्क्रीनशॉट त्याच फाइलला लागतील. पेज माझं नाही म्हणायला तोंड राहणार नाही.

आता गणवेश. जुलै 2025 मध्ये राज्य शासनानं सगळ्याच कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांच्या सूचना काढल्या. वैयक्तिक खात्यावर प्रोफाइल फोटो सोडला तर गणवेश, पदनाम, बोधचिन्ह, सरकारी गाडी, सरकारी इमारत यातलं काही फोटोत किंवा रीलमध्ये टाकायचं नाही. चांगल्या कामाची माहिती देता येते, पण स्वतःची स्तुती होता कामा नये. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर फेब्रुवारी 2023 मध्येच वर्दीतल्या रीलवर बंदी घातली. म्हणजे तुमच्या भावावर कुणी डूख धरलाय असं समजू नका.

मला खरं बोलायचंय ते त्या उघड्या चेहऱ्यांबद्दल. चेन स्नॅचिंगच्या केसमध्ये पुरावा असतो किती? सोनं वितळवलेलं, गाडी चोरीची, नंबरप्लेट खोटी. उरते ती बाई, जिनं चोराला दोन सेकंद पाहिलं. म्हणून ओळख परेड. तुरुंगात नायब तहसीलदार येतात, आरोपीसारखी दिसणारी डमी माणसं रांगेत उभी करतात, पंच असतात. आरोपीला ठाण्यातून नेता-आणताना बुरखा घालतात तो याचसाठी, की साक्षीदारानं त्याला आधी बघितलेलं नसावं. आता त्या बाईनं रील बघितलं नसेल? तिच्या सुनेनंच दाखवलं असेल. उलटतपासात आरोपीचा वकील एवढंच विचारतो, 'परेडच्या आधी हा चेहरा मोबाइलवर पाहिला होता का?' बाई खरं बोलते, हो म्हणते. परेड मातीत. ज्यानं मेहनतीनं आरोपी धरला त्यानंच त्याला सुटायची वाट करून दिली. असे निकाल ऐकून मी कोर्टाच्या पायरीवर बिड्या ओढल्यात, म्हणून हात शिवशिवतात असलं रील बघितलं की.

आणि पेठेतली गर्दी म्हणाल, तर तिच्याबद्दल मला फार प्रेम नाही. त्याच पेठेत पंचनाम्याला पंच मागा. दुकानदार शटर ओढतात. 'साहेब, तुमच्यासोबत आहे, पण सही नको, कोर्टाच्या फेऱ्या नकोत.' मग चहावाला नाहीतर रिक्षावाला पकडायचा, तो साक्षीच्या दिवशी फितूर. लाखो लोकांनी रील बघितलं म्हणता. त्यातल्या दोघांनी पंच म्हणून सही करून तारखेला कोर्टात उभं राहावं, तुमच्या भावाचा गुन्हा शाबित होईल.

कडक_चहा, तुमचं गुंडांच्या रीलचं म्हणणं रास्त आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये पुण्यात पोलीस आयुक्तालयात गुंडांना बोलावून परेड घेतली, तेव्हा रील टाकायची नाहीत ही तंबीही दिली होती. पण गुंडानं रील टाकलं तर त्याचं काही बिघडत नाही. शिपायाला सेवापुस्तक असतं, नोकरीतली शिक्षा त्यात कायमची लिहिली जाते.

थोरली_आक्का

काका, ओळख परेडचं वाचून पोटात गोळा आला. भावाला फोन लावला. परेड अजून व्हायची आहे म्हणतो. रील काढून टाकायला सांगू का? आणि मोर्चा नाही तर पाठिंबा द्यायचाच नाही का कुणी? 2020 मध्ये लॉकडाउनला हाच पोरगा नाक्यावर उभा होता, आईला खिडकीतूनच बघून जायचा. तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या काय खोट्या होत्या?

काळा_कोट

फौजदारी वकील आहे, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूनं. म्हणजे अर्दलीरूम काकांनी सांगितलेला तो प्रश्न विचारणारी मीच.

रील गुपचूप उडवायचं नाही. नोटीस आल्यावर उडवलं तर पुरावा नष्ट केला असा नवा मुद्दा निघतो. आधी त्याची प्रत ठेवायची, वरिष्ठांना लेखी कळवायचं, मग काढायचं आणि काढल्याची तारीख खुलाशात लिहायची. तपास अधिकाऱ्यालाही कळू द्या, परेडचं काय करायचं ते त्यांनी बघावं. खुलाशात अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर भाषण नको. संविधानाच्या अनुच्छेद 33 नुसार पोलिसांच्या हक्कांवर मर्यादा घालता येते आणि त्यासाठी 1966 चा कायदाच आहे. तिथं लढून उपयोग नाही. हेतू काय होता, आधीची बक्षिसं किती, पुन्हा होणार नाही, एवढं दीड पानात. शिक्षा झालीच तरी 1956 च्या शिक्षा व अपील नियमांखाली अपील आहे. पहिल्याच वेळी नोकरीवर गदा येईल असं मला वाटत नाही.

आरोपींना माध्यमांपुढं मिरवू नका, हे केंद्रीय गृहमंत्रालयानं एप्रिल 2010 मध्ये राज्यांना कळवलंय. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याच्या मार्गदर्शक सूचना तयार करायला सांगितलं. तेव्हा धिंड काढायला शिपायाला ज्यांनी सांगितलं किंवा ती चालू दिली, त्यांनाही नोटीस मिळाली का, हे विचारायला हरकत नाही. खुलाशात नको, अपिलात. खालच्या माणसाला पकडायची सवय सगळ्याच खात्यांना असते.

टाळ्यांचं विचारलंत. टाळ्या खऱ्याच असतात, ताई. हैदराबादला 6 डिसेंबर 2019 ला बलात्कार-खुनाचे चार आरोपी चकमकीत मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. तीही खरीच. मग सर्वोच्च न्यायालयानं आपल्या नागपूरच्या न्या. विकास सिरपूरकरांचा आयोग नेमला. 2022 मध्ये अहवाल आला, त्यात म्हटलं की गोळ्या जाणूनबुजून, मारण्याच्याच हेतूनं झाडल्या, आणि 10 पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. फुलं उधळणाऱ्यांपैकी कुणाचं नाव त्या अहवालात नाही. 'तिथंच निकाल लावा' म्हणणाऱ्यांना हात जोडायचं भावानं थांबवलं पाहिजे, ते माझ्या मते रीलपेक्षा वाईट आहे. उद्या कोठडीत एखाद्याला काही झालं तर त्या चित्रांचा अर्थ न्यायाधीश लावतील.

क्वार्टर_नं_बी

मी हवालदाराची बायको. आमच्या क्वार्टरला पावसाळ्यात तीन ठिकाणी बादल्या लागतात. गणपती, नवरात्र, निवडणूक, बंदोबस्त संपत नाही. साप्ताहिक सुट्टी कागदावर. यासाठी आजवर कुणी हॅशटॅग काढलेला बघितला नाही. कुणाला चोपलं की मात्र वाघ! आक्का, तुमच्या गावच्या पोरांना एवढीच हौस असेल तर पोलिसांना घरं द्या म्हणून सह्या गोळा करा म्हणावं, मी पहिली सही करते.

पतियाळाचे हरजीत सिंग आठवतात का? एप्रिल 2020, संचारबंदीत पास विचारला म्हणून तलवारीनं मनगट तोडलं होतं, चंदीगडच्या डॉक्टरांनी जोडलं. त्यांच्यासाठी पोलिसांनी छातीवर त्यांच्या नावाच्या पट्ट्या लावल्या, लोकांनी फोटो टाकले. आमचे हे कधी मोबाइल धरत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनीही कागदावर नाव लिहून लावलं होतं. त्या पोस्टसाठी कुणाला नोटीस आल्याचं मी ऐकलं नाही.

कडक_चहा

ओळख परेडचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, मान्य. पण नाशिकबद्दल माझं मत तेच आहे. लोकांना भीती गुंडाची वाटते की पोलिसाची, यावर गल्ली चालते.

अर्दलीरूम

गल्ली चालते हो, कोर्ट चालत नाही. आणि दाखवायचंच असेल तर खात्याच्या अधिकृत खात्यावर दाखवावं. मुंबई पोलिसांचं खातं डिसेंबर 2015 पासून आहे, हेल्मेटपासून ऑनलाइन फसवणुकीपर्यंत सगळ्यावर चिमटे काढतं, लोक हसतात आणि वाचतात. त्यात कुण्या एका शिपायाचा गॉगल दिसत नाही. लिहिणारा बदलून गेला तरी खातं तिथंच.

थोरली_आक्का

सगळ्यांचे आभार. मोर्चा रद्द झालाय. पुढारी रागावलेत, त्यांनी चार गाड्या सांगून ठेवल्या होत्या. फॅन पेज चालवणारा पोरगा आमच्याच भावकीतला निघाला. त्याला म्हटलं बंद कर, तर तो म्हणे आक्का, एवढे फॉलोअर आहेत, नाव बदलून तालुका क्रिकेटचं करतो. करू दे.

भावानं वरिष्ठांना लेखी देऊन रील काढलं. तपास अधिकाऱ्यानं आधी झापलं, मग बसवून घेतलं. त्या मंगळसूत्रवाल्या मावशींकडे साधा फोन आहे, त्यांनी काही बघितलं नाही म्हणतात. सुनेकडे मात्र मोठा आहे, तेवढी धाकधूक आहे.

काका, खुलाशाचा मसुदा तुम्हाला खासगीत पाठवलाय. भावानं 'जनतेच्या प्रेमापोटी' असं एक वाक्य घातलं होतं, ते मी खोडलंय. बाकी बघून सांगा, मुदत शुक्रवारी संपते.