विषय: लेचवर्थची सहल, सभागृहासाठी एक तास

सचिव:
नमस्कार मंडळी,
जुलैच्या दुसऱ्या शनिवारची सहल न्यूयॉर्क राज्यातल्या लेचवर्थ स्टेट पार्कला नक्की झाली. ग्रिलवर मक्याची कणसं, पावभाजी, मुलांचं क्रिकेट आणि मिडल फॉल्स धबधबा. जेनेसी नदीत राफ्टिंग करायचं असेल त्यांनी लवकर कळवा.

एक जुने सभासद:
ताई, एक विनंती. मिडल फॉल्सच्या वर टेकाडावर कौन्सिल ग्राउंड्स आहे, तिथे तासभर द्या. पहिली दहा वर्षं मीही १०७ फुटी धबधब्याचे फोटो काढून घरी जात होतो. ही भूमी सेनेका या इथल्या मूळ रहिवासी लोकांची, हे फार उशिरा कळलं.

तिथलं ओंडक्यांचं सभागृह मूळचं सेनेकांच्या कॅनेडिया गावचं. पडायला आलं होतं. इथल्या जमिनीचे तेव्हाचे मालक विल्यम प्रायर लेचवर्थ यांनी ते उतरवून इथे आणून उभं केलं आणि १ ऑक्टोबर १८७२ ला सेनेका आणि मोहॉक या दुसऱ्या मूळ जमातीच्या पुढाऱ्यांच्या नातवंडांना बोलावून त्यात पुन्हा सभा भरवली. पुढे नदीवर धरण बांधून वीज करायचे बेत सुरू झाले, तेव्हा १९०६ मध्ये त्यांनी आपली हजार एकर जमीन न्यूयॉर्क राज्याला देऊन टाकली. म्हणून आज धबधबे आहेत.

शेजारी मेरी जेमिसनची समाधी आहे. अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजात जन्मलेली ही गोऱ्या कुटुंबातली मुलगी पेनसिल्व्हेनियातून पळवली गेली, घरचे बहुतेक मारले गेले. लढाईत भाऊ गमावलेल्या दोन सेनेका बहिणींनी तिला त्याच्या जागी आपली मानली. पुढे परत जायची संधी आली तरी ती गेली नाही.

कणसांचं वाचलं म्हणून हेही सांगतो. १७७९ मध्ये अमेरिकन फौजेने सेनेकांची गावं आणि उभा मका जाळला. मेरी दोन मुलं पाठीवर, तीन मागे चालवत याच दरीतल्या गार्डोला आली. तिथे मालकांकडून पळालेल्या दोन काळ्या गुलामांचं मक्याचं शेत उभं होतं. तिने त्यांची कणसं सोलून दिली, मजुरीत दहावा वाटा घेतला आणि त्यावर हिवाळा काढला. पुढे पन्नास वर्षं ती तिथेच राहिली. १८३३ मध्ये बफेलोजवळ वारली. तिच्या अस्थी १८७४ मध्ये इथे आणल्या.

पुतळ्यातल्या तिच्या पाठीवर तान्हं बाळ आहे. मुलांना ते जरूर दाखवा.

एक आई:
काका, मुलांना मीच घेऊन जाईन. माझंही एक सांगते. माझ्या लेकाला गर्दी आणि स्पीकर सोसत नाहीत, म्हणून दोन वर्षं आम्ही आलो नाही. याच पार्कमध्ये २०२१ पासून ऑटिझम नेचर ट्रेल आहे, ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्यांसाठी केलेली रानवाट. मैलभराची वाट, आणि थांबायला, हाताळायला, शांत बसायला आठ जागा. पाच महिन्यांपूर्वी गेलो होतो. एके ठिकाणी तो पाऊण तास बसला, एकदाही कान झाकले नाहीत. अशी मुलं असलेल्या आणखी कुणाला सोबत यायचं असेल तर लिहा.

सचिव:
दोन्ही घेतलं. सकाळी दहाला कौन्सिल ग्राउंड्स, तिथे काका बोलतील. नंतर ज्यांना हवं ते ट्रेलवर. या वेळी स्पीकर नाही, गाणी जेवणानंतर पेटीवर. पावभाजी दीड वाजता.