बंद घराचा क्लेम नाकारणं: रास्त अट की सोयीची पळवाट?

कडीकोयंडा
घर सलग ३० किंवा ६० दिवस बंद राहिलं की बऱ्याच गृहविमा पॉलिसींतलं काही संरक्षण आपोआप गळून पडतं. चोरी, तोडफोड आणि पाणीगळती ही त्यातली नेहमीची नावं. काही कंपन्या तर या मुदतीनंतर आगीचाही क्लेम परत पाठवतात. माझं म्हणणं सरळ आहे. घर बंद असण्याचा आणि नुकसानीचा संबंध दाखवता येत नसेल, तर ही अट पुढे करणं म्हणजे पळवाट. वादळात शेजारचं झाड छपरावर पडलं. आत चार माणसं झोपलेली असती तर झाड अडलं असतं का?

अडसर
असहमत. झाड अडलं नसतं, पण फुटलेल्या छपरावर त्याच दिवशी ताडपत्री पडली असती. बंद घरात पुढचे पंधरा दिवस पाऊस थेट आत येतो आणि बिल झाडाचं नाही, त्या पावसाचं मोठं होतं.

पाण्याचा हिशेब तर आणखी बोलका आहे. बेसिनखालचा कनेक्शन पाइप फुटला की मिनिटाला १० लिटर पाणी सहज बाहेर पडतं. घरात माणूस असेल तर दहा मिनिटांत कॉक बंद होतो: १०० लिटर, फरशी पुसली, विषय संपला. बंद घरात दिवसाला १४,४०० लिटर, दोन आठवड्यांत दोन लाखांच्या वर. बिघाड तोच, पाइप तोच. राहत्या घराच्या हप्त्यात कंपनीने ही जोखीम का घ्यावी?

कडीकोयंडा
पाण्याबद्दल मान्य, तिथे संबंध उघड आहे. ताडपत्रीचंही पटलं, पण मग वाढलेलं नुकसान वजा करा, अख्खा क्लेम का उडवता? ब्रिटनच्या २०१५ च्या विमा कायद्यातलं कलम ११ बघा. अट मोडल्यामुळे प्रत्यक्षात झालेल्या नुकसानीचा धोका वाढूच शकत नव्हता, हे विमाधारकाने दाखवलं, तर कंपनीला त्या अटीआड लपता येत नाही.

बारीक_अक्षर
कलम ११ अर्धंच सांगितलंत. एकूण जोखमीची व्याख्याच करणाऱ्या, म्हणजे विमा मुळात कशाचा आहे हे ठरवणाऱ्या अटींना ते लागू नाही. त्यामुळे ‘घर राहतं असावं’ ही साधी अट की जोखमीची व्याख्या, यावरच खरी झटापट होते.

दुसरं, ‘बंद’ आणि ‘रिकामं’ यांत दोघंही गल्लत करताय. सामानसुमान जागेवर आहे, माणसं तेवढी नाहीत, ते बंद घर. माणसंही नाहीत, सामानही नाही, ते रिकामं. अमेरिकेत रूढ असलेल्या एचओ-३ या गृहविमा पॉलिसीच्या प्रमाण नमुन्यात तोडफोडीचं संरक्षण जातं ते सलग ६० दिवसांहून जास्त *रिकाम्या* घराचं, आणि बांधकाम चालू असलेलं घर त्यात रिकामं धरत नाहीत. आगीचं संरक्षण तिथे तेवढ्यावरून जात नाही. म्हणून नकाराचं पत्र आलं की आधी दोन गोष्टी ताडून बघायच्या: पत्रात कोणता शब्द वापरलाय आणि पॉलिसीत कोणता. पत्रात ‘बंद’ आणि पॉलिसीत ‘रिकामं’ असेल, तर फर्निचरचे फोटो आणि चालू वीजबिल एवढ्यावर उत्तर उभं राहतं.

ओल_आणि_पोपडे
कायदा राहू द्या बाजूला. बंद घराचे पाण्याचे क्लेम बहुतेकदा अडकतात ते ‘हळूहळू झिरपणं’ या अपवादावर. अचानक फुटलेल्या पाइपचं नुकसान मिळतं, महिनोन्‌महिने झिरपलेल्या पाण्याचं नाही. घोळ असा, की अचानक फुटून तीन आठवडे वाहिलेलं पाणी मागे अगदी झिरपल्यासारख्याच खुणा ठेवतं: प्लाय फुगलेलं, भिंतीला बुरशी, रंगाचे पोपडे. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला आलेला माणूस, बुरशी बघतो आणि ‘जुनी गळती’ लिहून मोकळा होतो.

याला तोड फुटलेल्या पाइपमध्येच असते, आणि प्लंबर नेमका तोच कचऱ्यात टाकतो. पाइपवरची जाळी एका जागी फाटून आतला रबर बाहेर आलाय, नट कोरडा आणि चकचकीत आहे, तर ते एकदम फुटणं. नटावर हिरवट-पांढरी पुटं चढलीत, बेसिनखालच्या फळीवर डागांची एकात एक वर्तुळं आहेत, तर गळती जुनी, मग वाद घालून उपयोग नाही. पाइप पिशवीत बांधून ठेवा, जागच्या जागी फोटो आधी काढा.

सोबत पाण्याच्या मीटरचं रीडिंग. मीटर तासागणिक नोंद ठेवणारा असेल, तर पाइप कोणत्या दिवशी फुटला तेही कळतं. मुदत ३० दिवसांची, पाइप फुटला विसाव्या दिवशी, सापडला पन्नासाव्या दिवशी. घटना मुदतीच्या आतली आहे, आणि ते सिद्ध करायला हाच आकडा लागतो.

अडसर
हे सगळं नंतरचं. आधी कंपनीला लेखी कळवून बंद घराची पुरवणी, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण, का घेत नाहीत लोक? जादा हप्ता भरा, पाणी तोडून जा. मुख्य कॉक बंद केला म्हणजे झालं असं नाही. छतावर टाकी असेल तर तिच्या आउटलेटचा वेगळा कॉक असतो. तो उघडा राहिला तर पूर्ण टाकी घरात रिकामी होते. गीझरची वीज *आधी* बंद, मग पाणी काढायचं, नाहीतर एलिमेंट कोरडं तापून जळतं. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा नळ दोन्ही उघडा, वरून हवा शिरल्याशिवाय पाइप पूर्ण रिकामे होत नाहीत. आगीच्या स्प्रिंकलरची लाइन मात्र चालूच ठेवा.

कडीकोयंडा
पुरवणीतही सुरुंग असतात, साहेब. ‘दर ७ दिवसांनी पाहणी आणि तिची लेखी नोंद’ ही अट तिथेच बसलेली असते. शेजारी नवव्या दिवशी गेला की पुरवणी असूनही नकार! पाहणीला गेलेल्याने दर वेळी मीटरचा फोटो पाठवावा, तारीख-वेळ आपोआप जपली जाते.

आणि नकार आलाच, तर फोनवर भांडू नका. लेखी मागा: कलमाचा क्रमांक, सर्व्हेअरचा अहवाल, आणि नुकसानीच्या तारखेला लागू असलेली पूर्ण पॉलिसी. नूतनीकरणानंतरची नको, तिच्यात शब्द बदललेले असू शकतात. नुकसान झालं हे दाखवणं आपल्याकडे, पण अपवाद लागू होतो हे दाखवायची जबाबदारी सहसा कंपनीची.

तिसरा_मजला
मध्ये एक रात्र झोपून आलं की ३० दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजतात ना?

बारीक_अक्षर
व्याख्येत काय लिहिलंय त्यावर. काही पॉलिसींत ‘अधूनमधून दिलेली भेट धरली जाणार नाही’ असं स्पष्ट असतं, काहींत सलग किती रात्री हव्यात तेही. काहीच लिहिलेलं नसेल तर निघण्याआधी कंपनीला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. एजंटचं तोंडी ‘हो हो, चालतं’ सर्व्हेअरपुढे चालत नाही.