मदत हवी आहे : मागच्या मॅचच्या व्हिडिओवरून समोरच्यांचा डिफेन्स कसा ओळखायचा?

रंकाळा_१०
नमस्कार मंडळी, फुटबॉल कळणाऱ्यांनी जरा मदत करा. कोल्हापुरात एका कॉलेजच्या टीमला मी बघतो, म्हणजे रीतसर कोच वगैरे नाही, सर आहेत पण ते मूळचे कबड्डीचे, त्यामुळं फुटबॉलचं सगळं माझ्याच गळ्यात. शनिवारी सेमी आहे. समोरच्यांनी क्वार्टर ३-० नं मारली आणि त्या मॅचचा व्हिडिओ एका मित्रानं गॅलरीतून मोबाईलवर काढून दिलाय. व्हिडिओ कसला, बॉल जाईल तिकडं मोबाईल, मधेच कुणाचं तरी डोकं, आणि वरून हा स्वतःच "ए मार की, मार की" करून ओरडतोय. पण मॅच जवळजवळ पूर्ण आहे.

दोनदा बघितला तरी मला एवढंच कळलं की त्यांचा डिफेन्स लै भारी आहे. चार बॅक एका रेषेत, बरंच वर येऊन उभे राहतात, हरलेल्या टीमचे फॉरवर्ड सारखे ऑफसाइड, म्हणजे पास निघतानाच बॅकच्या रेषेपुढं गेलेले. स्टॉपर, म्हणजे मधले दोन बॅक, दोघंही उंच, हेडर सगळे त्यांचेच. आमच्याकडं उंची नाही, पण राइट विंगला एक पोरगा आहे तो सुटला की सापडत नाही. तर नेमकं बघायचं काय? बॉल सोडून बाकीचं दिसतच नाही त्याचं काय करायचं? आणि पोरांना त्यातलं किती सांगायचं? सगळं सांगितलं की ती मैदानात जाऊन विचारच करत बसतात.

जुना_गोली
भावा, ३-० बघून घाबरू नकोस, आधी ते तीन गोल कधी झाले ते सांग. पहिला गोल लवकर पडला असेल तर पुढची सगळी मॅच वेगळीच असते, हरणारी टीम चिडून लांब लांब बॉल टाकत सुटते आणि तसले बॉल उंच स्टॉपरना म्हणजे आयतंच जेवण. त्यावरून डिफेन्स भारी असं म्हणता येत नाही. ०-० असताना ते कसे उभे होते तेवढंच आधी बघ, तो त्यांचा खरा चेहरा. नंतर शेवटची पंधरा-वीस मिनिटं बघ, दम गेल्यावर रेषा आधी कोण सोडतो ते तिथं दिसतं.

दुसरं म्हणजे एका मॅचमधे एकदा झालेली चूक चूक म्हणून धरायची नाही. पाय घसरला, बॉल उडला, होतं. तेच परत झालं, त्याच माणसाकडून, तशाच वेळी, तर ती सवय. तुला सवय शोधायची आहे.

आणि गोली विसरू नकोस, सगळे विसरतात. रेषा वर असते तेव्हा हा कुठं उभा असतो? बॉक्सच्या टोकाला येऊन उभा राहत असेल तर मागं टाकलेला बॉल तोच साफ करतो, आणि गोलच्या दांड्यांतच चिकटून बसत असेल तर बॅकच्या मागं मोकळं रान आहे. क्रॉस पकडतो की बुक्की मारतो तेही बघ. बुक्की मारणारा असेल तर डीच्या तोंडावर तुझा एक माणूस रिकामा ठेव, बॉल तिथंच पडतो.

सई_पुणे
मी मुलींच्या टीमला शिकवते आणि आमच्याकडेही असलेच व्हिडिओ असतात, त्यामुळे सांगते. मोबाईल बॉलमागे फिरतो हे खरं, पण काही क्षण असे असतात की फ्रेममधे सगळे येतात. गोलकिक, लांबचा फ्रीकिक, बॉल बाहेर गेल्यावर थ्रो घेईपर्यंतचा वेळ, कुणी पडलं म्हणून खेळ थांबला तो वेळ. तिथे पॉज कर आणि वहीत चार बॅक, चार हाफ (मधल्या फळीतले) टिंबांनी मांड. अशी पाच-सहा चित्रं झाली की बॅक आणि हाफ यांच्यात अंतर किती राहतं ते आपोआप दिसतं. स्टॉपर वर आलेत पण हाफ त्याहून पुढे पळालेत असं असेल तर मधल्या पट्ट्यात बॉल घेऊन वळायला जागा मिळते आणि मग तुम्हाला उंचीची गरजच नाही.

दुसरी गोष्ट, व्हिडिओ मागे मागे बघ. म्हणजे त्यांच्यावर जो जो धोका आला, गोल झाला नसला तरी चालेल, तिथून दहा-बारा सेकंद मागे जा आणि बॉल कुणी घालवला, कोण जागेवर नव्हतं ते शोध. बहुतेक वेळा गडबड शेवटच्या पासात नसते, त्याच्या आधी साइड बॅक वर गेलेला असतो आणि त्याची जागा कुणी घेतलेली नसते. आवाज बंद करून बघ बरं का, तुझ्या मित्राच्या "मार की" मुळे आपलंही लक्ष बॉलवरच जातं :)

म्हापशेकर
ऑफसाइडवाल्या डिफेन्सचं म्हणशील तर २०२२ चा वर्ल्ड कप आठव रे. सौदीनं अर्जेंटिनाला २-१ हरवलं ती मॅच. रेषा एवढी वर की अर्जेंटिना अख्ख्या मॅचमधे दहा वेळा ऑफसाइड, पहिल्याच हाफमधे तीन गोल त्यामुळे रद्द. आता तुझ्यासारखाच प्रश्न पोलंडला होता, कारण चारच दिवसांनी त्यांची सौदीशी मॅच. ते काय करतात याची मला फार उत्सुकता होती. त्यांनी रेषेमागे धावत सुटायचा नादच केला नाही. बॉल जास्त वेळ सौदीकडेच राहू दिला, स्वतः मागे दाटीनं उभे राहिले आणि सौदीला वर येऊ दिलं. २-० जिंकले. पहिला गोल झिलिन्स्कीचा, लेवांडोव्स्कीनं गोलीजवळून मागे काढून दिलेल्या बॉलवर, आणि दुसरा तर सौदीच्या माणसाच्या पायातला बॉल लेवांडोव्स्कीनं काढून घेऊन. अर्थात सौदीची पेनल्टी पोलंडच्या गोलीनं अडवली नसती तर हाफटाइमला १-१ असतं आणि मी इथं वेगळंच काहीतरी लिहीत असतो.

मुद्दा काय, डिफेन्स वर उभा आहे म्हणून मागेच बॉल टाकायचा असं काही नाही. अर्जेंटिनानं तेच केलं ना पहिला हाफभर.

पेठेतला_पाहुणा
एवढं डोकं लावून कुठं फुटबॉल होतोय राव. शाहू स्टेडियमवर वर्षानुवर्षं मॅचेस बघतोय, पेठेची पोरं कागद बघून खेळत नाहीत. पाऊस पडून ग्राउंड जड झालं की तुमची टिंबं आणि रेषा चिखलात. पोरांना मोकळं खेळू द्या. एका मॅचवरून काय कळतंय?

जुना_गोली
@पेठेतला_पाहुणा, ग्राउंडचं बरोबर बोललास, जड ग्राउंडवर वर उभा राहणारा बॅक वळून पळताना मार खातो, म्हणजे उलट ते आपल्या कामाचंच आहे. बाकी अभ्यास करून मॅच जिंकता येते असं मीही म्हणत नाही. बिएल्साचं आठवतंय का, इंग्लंडमधल्या लीड्स क्लबचा कोच असताना २०१९ च्या जानेवारीत समोरच्या डर्बी क्लबच्या सरावावर माणूस पाठवून नजर ठेवली म्हणून केवढा गदारोळ झाला. मग त्यानं पत्रकारांनाच बोलावून स्क्रीनवर सगळा अभ्यास दाखवला, डर्बीच्या आधीच्या सीझनच्या ५१ मॅचेस आम्ही बघितल्यात म्हणाला. क्लबला दोन लाख पौंड दंड बसला. आणि मे महिन्यात त्याच डर्बीनं लीड्सच्या घरात येऊन ४-२ मारलं आणि वरच्या लीगमधे जायच्या प्लेऑफमधून घालवलं. ५१ मॅचेस बघून ही गत. पण न बघता गेला असता तर बरं झालं असतं असं थोडंच आहे?

रंकाळा_१०
सगळ्यांचे आभार, रात्री बसून परत बघितला, आवाज बंद करून. आता जे दिसलं ते टाकतो.

पहिला गोल लवकरच होता, कॉर्नरवर. त्याच्या आधी ०-० असताना ते एवढे वर नव्हतेच, मिडलाइनपासून चांगले मागं होते, आघाडी घेतल्यावर वर आले. स्टॉपरपैकी एक जण बोलणारा आहे, हात वर करून सगळ्यांना पुढं ओढतो आणि लगेच लाइनमनकडं बघतो. दुसरा, डाव्या बाजूचा, दरवेळी एक-दोन पावलं उशिरा निघतो. विशेषतः बॉल लांबच्या बाजूला असेल तेव्हा. तीन-चार ठिकाणी पॉज करून बघितलं, हा मागंच असतो, म्हणजे ऑफसाइड लागायलाच नको होता, एकदा तर लागलाही नाही पण समोरच्या फॉरवर्डनंच मारायच्या ऐवजी थांबून लाइनमनकडं बघितलं!

लेफ्ट बॅक सारखा वर जातो, थ्रो असला तरी तोच घ्यायला पळतो, आणि बॉल गेला की चालत परत येतो. खरंच चालत. त्याच्या मागची जागा तोच उशिरा निघणारा स्टॉपर भरायला जातो आणि मग मधे बोलणारा एकटाच उरतो.

गोली गोलमधेच असतो, बाहेर आलेला दिसला नाही. पण त्याच्याकडं कामच नव्हतं त्या मॅचला, त्यामुळं सांगता येत नाही.

सई_पुणे
अरे हे तर केवढं सापडलं! आणि तुझा पळणारा मुलगा राइट विंगलाच आहे म्हणजे तो त्याच लेफ्ट बॅकसमोर येणार. फक्त तो आधीपासून पुढे जाऊन उभा राहिला तर बॅक सावध होईल, वर जाणारच नाही. त्याला थोडा मागे राहू दे, लेफ्ट बॅकला येऊ दे वर. बॉल आपल्याकडे आला की पहिला पास त्या बाजूला. पहिलाच. मधे तीन पास खेळत बसलात तर तोपर्यंत चालत येणारा माणूससुद्धा पोचतो.

आणि क्रॉस उंच टाकायचा नाही, उंची नाहीये तुमच्याकडे. जमिनीवरून मागे काढायचा, पेनल्टी स्पॉटच्या आसपास. बॅक गोलकडे तोंड करून पळत असतात तेव्हा मागे येणाऱ्या हाफला कुणी धरत नाही.

म्हापशेकर
थ्रोवर ऑफसाइड नसतो हे पोरांना माहीत आहे ना? गंमत म्हणून विचारत नाही, चांगल्या चांगल्यांना ऐन वेळी सुचत नाही. थ्रो, कॉर्नर, गोलकिक, तिन्हीवर नाही. ते वर येऊन रेषा धरून उभे असतील आणि तुमच्याकडे हात लांब असलेला कुणी असेल तर थ्रो सरळ त्यांच्या मागे. पण थ्रो घेणाऱ्यानं घाई करायला हवी, ते मागे सरकायच्या आत.

जुना_गोली
एक तपासून घे. क्वार्टरमधे त्यांच्यातल्या कुणाला कार्ड मिळालं का, कुणी लंगडत बाहेर गेलं का? त्या बोलणाऱ्या स्टॉपरवर सगळी रेषा चालतेय असं दिसतंय, तोच नसला तर तुझा अर्धा अभ्यास बदलतो. २०१४ च्या वर्ल्ड कपला ब्राझीलनं क्वार्टरला कोलंबियाला २-१ हरवलं, दोन्ही गोल स्टॉपरनीच मारले, थियागो सिल्वा आणि डेव्हिड लुइझ. त्याच मॅचमधे सिल्वानं कोलंबियाच्या गोलीला किक मारताना आडवं जाऊन स्पर्धेतलं दुसरं यलो घेतलं आणि सेमीला बाहेर. पुढं जर्मनीनं ७-१ केलं ते जगानं बघितलं. नेमार पण नव्हता हे खरं, पण नेमार काही बॅकला खेळत नव्हता.

सौदीचंही तसंच, म्हापशेकर विसरले, त्यांचा लेफ्ट बॅक शहरानी अर्जेंटिनाच्याच मॅचमधे आपल्याच गोलीला धडकून जबर लागून बाहेर पडला होता. पोलंडसमोरचा डिफेन्स तोच नव्हता.

पेठेतला_पाहुणा
चालत येणारा लेफ्ट बॅक म्हटल्यावर मला पण इंटरेस्ट आला आता :) पण ०-० असताना ते वर नसतात म्हणतोयस ना, मग शनिवारी पण सुरुवातीला मागंच असणार की. तुमचा सगळा प्लॅन ते वर येतील यावर आहे.

रंकाळा_१०
@पेठेतला_पाहुणा बरोबर पकडलंस, तोच किडा डोक्यात वळवळतोय. लेफ्ट बॅक मात्र ०-० असताना पण वर जात होता, ते परत जाऊन बघितलं. रेषा मागं असली तरी त्याची बाजू उघडी पडतेच, फक्त मागं पळायला अंतर कमी मिळणार. आणि त्यांचा पहिला गोल कॉर्नरवर पडला, तेव्हा सुरुवातीला फुकटचे कॉर्नर द्यायचे नाहीत हे आधी आमच्या बॅकना सांगतो. आघाडी मिळाली नाही तर ते वर येतात का, हे या व्हिडिओत कळायला मार्गच नाही.

कार्डचं विचारलं, कुणाला नाही. बोलणारा खेळणार आहे.

पोरांना दोनच गोष्टी सांगायच्या ठरवल्यात. बॉल मिळाला की पहिला पास उजवीकडं, आणि क्रॉस खालून मागं. थ्रोचं फक्त थ्रो घेणाऱ्याला आणि एका फॉरवर्डला. उशिरा निघणाऱ्या स्टॉपरबद्दल फॉरवर्डला सांगू का? तो आधीच ऑफसाइडला घाबरतो.

सई_पुणे
सांग, पण "तो स्टॉपर उशिरा निघतो" असं नको सांगू, मग तो मॅचभर त्याच्याकडेच बघत बसेल. "त्यांच्या डावीकडच्या स्टॉपरच्या बाजूला उभा राहा आणि शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नाही" एवढंच. आणि उद्या सरावात व्हिडिओ दाखवत बसू नकोस, चार बॅक उभे कर, त्यातल्या एकाला मुद्दाम उशिरा निघायला सांग आणि फॉरवर्डला तिथून पळव. लाइनमन म्हणून तूच उभा राहा आणि अधूनमधून मुद्दाम चुकीचा झेंडा दाखव, म्हणजे शिट्टीपर्यंत खेळायची सवय लागते.

रंकाळा_१०
चुकीचा झेंडा भारी आहे, तो मित्रालाच देतो उभा करून, ओरडायची हौस पण भागेल त्याची. आणि शनिवारी दुसऱ्या सेमीचा व्हिडिओ काढायला गॅलरीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, मोबाईल आडवा, अर्धं ग्राउंड फ्रेममधे आणि हलवायचा नाही असं सांगून ठेवलंय. अजून काही राहिलं असेल तर सांगा, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बघेन इथं.