इस्लामी मासिकांत नेमकं काय मोजायचं? (नाशिक, एम.ए.चा लघुप्रबंध)

गोदाकाठची_वाचक
पत्रकारितेच्या एम.ए.साठी विषय घेतलाय: इस्लामी नियतकालिकं धर्म कसा मांडतात आणि त्यानं मोहल्ल्यातलं रोजचं जगणं कसं घडतं. दोन उर्दू मासिकं आणि एक मराठी साप्ताहिक, प्रत्येकाचं एक वर्ष, असं ठरलंय. मार्गदर्शक म्हणतात अग्रलेख मोजा. पण अग्रलेख चाळले तर सगळ्यांत तेच: उम्मत (मुस्लिम समाज), इत्तिहाद (एकी), तालीम (शिक्षण). फरक हाती लागत नाही. शिवाय जुने अंक मिळत नाहीत. उर्दू वाचता येतं, पण सावकाश.

शाईचा_डाग
अग्रलेख राहू द्या, मसाइलचं, म्हणजे धार्मिक प्रश्नोत्तरांचं पान उघडा. वाचक विचारतो, मुफ्ती (धर्मनियम सांगणारे विद्वान) उत्तर देतात, शेवटी ‘वल्लाहु आलम’ (खरं काय ते अल्लाहच जाणे). घरातला हिशेब बदलतो तो इथे.

फित्र्याचंच घ्या, म्हणजे रमजान ईदला गरिबांना द्यायच्या दानाचं. ईदच्या नमाजाआधी माणशी किती गहू किंवा त्याची किंमत द्यायची? देवबंदी, बरेलवी, अहले-हदीस हे इथल्या सुन्नी मुसलमानांतले पंथ. देवबंदी वळणाचं मासिक अर्धा साअ (साअ हे धान्याचं जुनं अरबी माप) म्हणजे 1 किलो 633 ग्रॅम सांगेल, कुणी सावधगिरी म्हणून पावणेदोन किलो छापेल. बरेलवी मासिकात तोच अर्धा साअ दोन किलोच्या किंचित वर जातो. अहले-हदीस मासिक गव्हाचाही अख्खा साअ धरतं, साधारण अडीच किलो. गहू 30 रुपये किलो धरला तर पाच माणसांच्या घराला एकीकडे 245 रुपये, दुसरीकडे 375. चौक मंडईतल्या दोन शेजाऱ्यांच्या फित्र्यात हा फरक पडतो तो घरात कुठलं मासिक येतं त्यावरून. मासिक कुणाचं हे मुखपृष्ठ सांगत नसेल तर हे वजन सांगतं.

जकातीत, म्हणजे शिलकीवरच्या वार्षिक सक्तीच्या दानात, फरक याहून मोठा. निसाब (ज्या शिलकीपासून जकात लागू होते ती मर्यादा) साडेबावन्न तोळे चांदीचा (612.36 ग्रॅम) धरायचा की साडेसात तोळे सोन्याचा (87.48 ग्रॅम)? हिशेबापुरती चांदी 100 रुपये ग्रॅम आणि सोनं 10,000 रुपये ग्रॅम धरा. चांदीनं उंबरठा 61,236 रुपयांवर येतो, सोन्यानं 8,74,800 वर. चार पैसे शिल्लक असलेला मालेगावचा लूमवाला (यंत्रमागवाला) पहिल्या मापानं अडीच टक्के देणारा ठरतो, दुसऱ्या मापानं सुटतो. रोख रकमेला बहुतेक हनफी मुफ्ती (देवबंदी आणि बरेलवी दोघेही हनफीच) चांदीच लावतात, पण मासिक ते कारणासकट सांगतं की नुसता आकडा छापतं, ही नोंद घ्या. त्याच अंकात मदरशांच्या ‘जकात आम्हाला द्या’ जाहिराती किती पानं खातात तेही मोजा.

एक धोका आहे. छापलेला प्रश्न निवडलेला असतो, कधी तीन पत्रांचा एक केलेला असतो, नाव काढलेलं असतं. वर्षात तलाकवर चाळीस प्रश्न आले म्हणून समाजात तलाक वाढले असं लिहाल तर परीक्षक तिथेच धरतील. पान सांगतं ते एवढंच, की संपादकाला कशाचं उत्तर जाहीर द्यावंसं वाटलं.

मोजपट्टी
‘एक वर्ष’ म्हणजे कुठलं वर्ष ते आधी ठरवा. हिजरी वर्ष 354-355 दिवसांचं, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2030 मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा लागेल, जानेवारीत आणि डिसेंबरात. जानेवारी ते डिसेंबर धरलंत की कधी रमजानचा मजकूर दुप्पट, कधी अर्धा तुटलेला. मुहर्रम ते जिलहिज्ज, म्हणजे हिजरी वर्षाचा पहिला ते शेवटचा महिना, घ्या. आणि जकातीचा मोठा लेख फक्त रमजानच्या अंकात शोधू नका, टपालाला लागणारा वेळ धरून तो आधीच्या शाबान महिन्यातही येऊ शकतो. मदरशांचं वर्ष शाबानला संपतं, त्यामुळे त्यांची काही मासिकं रमजान आणि त्यापुढच्या शव्वाल महिन्याचा जोडअंक काढतात. बारा महिने म्हणजे बारा अंक नव्हेत.

जागा मोजायची तर सेंटिमीटरमध्ये उर्दू-मराठी तुलना करू नका. नस्तालीकला (उर्दूच्या तिरप्या लिपीवळणाला) ओळीच्या वर-खाली जागा लागते, तोच मजकूर देवनागरीत वेगळी जागा घेतो. त्या-त्या अंकाच्या एकूण छापील जागेच्या टक्क्यांत मांडा. उर्दू अंक उजवीकडून उघडतो. मोबाइलवर डावीकडून फोटो काढत गेलात की शेवटचं पान पहिलं होतं आणि ‘कुठला लेख पुढे ठेवला’ हा रकाना अख्खा उलटा भरतो.

वर्गवारी आठच्या वर नेऊ नका, आणि ‘सामाजिक’ नावाचा वर्ग तर नकोच. तो अडगळीची खोली होतो, हुंड्यापासून मोबाइलपर्यंत सगळं तिथे. साधारण 30 प्रश्न दुसऱ्या उर्दू वाचणाऱ्याकडून स्वतंत्रपणे वर्गवून घ्या आणि कोहेनचा कप्पा (योगायोगानं जुळलेलं वजा करून दोघांची सहमती मोजणारा आकडा) काढा. 0.7 च्या खाली आला तर वर्गांच्या व्याख्या पुन्हा लिहा. नुसती टक्केवारीतली सहमती दाखवू नका, एकच वर्ग मोठा असला की ती आपोआप फुगते.

जुनी_फाईल
दोन भर घालतो.

बायकांच्या पानाला ‘पुरवणी’ समजू नका. लाहोरहून 1898 साली मुहम्मदी बेगम आणि सय्यद मुमताज अली यांनी ‘तहजीब-ए-निसवाँ’ सुरू केलं, दिल्लीहून 1908 मध्ये राशिद-उल-खैरी यांचं ‘इस्मत’. बाईनं काय वाचावं, घर कसं चालवावं, हे सव्वाशे वर्षं मासिकांतच भांडलं जातंय. आजच्या पानात बाईला उद्देशून लिहिलंय की तिनं लिहिलंय, एवढा एकच रकाना ठेवा, बरंच निघेल.

दुसरं, चित्रं. सजीवाची तसबीर न छापणाऱ्या मासिकात फक्त मिनार, फुलं आणि खत्ताती (सुलेखन) दिसते. पण ही ‘जुनी परंपरा’ म्हणून लिहू नका. मौलाना आझादांच्या 1912 च्या ‘अल-हिलाल’मध्ये छायाचित्रं होती. चित्र न छापणं हा त्या-त्या संपादकाचा निर्णय असतो, आणि तो तसाच मोजा.

गोदाकाठची_वाचक
फित्र्याची युक्ती लगेच लावून पाहते. मराठीसाठी मुस्लिम सत्यशोधक पत्रिका घेतली तर चालेल का?

शाईचा_डाग
तुलनेला घ्या, नमुन्यात नको. हमीद दलवाईंनी 1970 मध्ये पुण्यात काढलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाचं ते मुखपत्र. मुसलमानांविषयीचं आहे, इस्लामी नियतकालिक नाही. दोन्ही एका तक्त्यात घातलीत तर सगळा फरक त्या एकाच ओळीतून येईल.

जुनी_फाईल
जुन्या अंकांचं राहिलं. रद्दीवाल्याकडे जाऊन उपयोग नाही. आयती आणि हदीस छापलेल्या असतात म्हणून घरं हे कागद रद्दीत देत नाहीत, मशिदीतल्या ‘मुकद्दस औराक’च्या (पवित्र कागदांच्या) डब्यात टाकतात. तिथून ते पुरले जातात किंवा वाहत्या पाण्यात ‘ठंडे’ केले जातात, म्हणजे आदरानं सोडले जातात. मदरशांच्या कुतुबखान्यात (ग्रंथालयात) बांधीव फायली मागा, आणि ‘संशोधनाला’ म्हणण्याआधी कुठला हिजरी महिना आणि साल हवं ते चिठ्ठीवर उर्दूत लिहून न्या. फायली त्याच क्रमानं लावलेल्या असतात, इंग्रजी महिना सांगितलात तर शोधणारा अर्धा तास घालवेल. नाशकात न मिळालं तर मालेगाव, जिल्ह्यात उर्दूची खरी बाजारपेठ तीच. शुक्रवारी जाऊ नका, तिथे सुट्टी असते.