गुडघा बदलल्यावर आईला मांडी घालता येईल का?

आई 67 वर्षांची, आम्ही शिवाजी पेठेत राहतो. दोन्ही गुडघे पार झिजलेत. डॉक्टरांनी ऑक्सफर्ड नी स्कोअरचा (गुडघ्याचं दुखणं आणि हालचाल मोजायचा) फॉर्म भरून घेतला : 12 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 48. जिना उतरता येतो का, बाजारहाट जमते का, सगळं विचारलं. पण आईचा प्रश्न त्यात नाहीच. ती म्हणते, "मला खाली बसून विळीवर भाजी चिरता येईल काय रे?" घरी आल्यापासून विळीकडं बघत बसलीय. कुणाचा अनुभव आहे का?

उत्तर १
मी फिजिओथेरपिस्ट. हा फॉर्म 1998 साली इंग्लंडमध्ये तयार झाला. त्यात गुडघे टेकून उठता येतं का हे आहे, मांडीचं नाही. दुखणं कमी होणं आणि चालणं सुधारणं याची खात्री जास्त, जमिनीवर बसण्याची कमी. बसता आलं तरी बहुतेक सर्जन नको म्हणतात. ऑपरेशनआधी हे स्पष्ट विचाराच.

उत्तर २
माझ्या सासूबाईंचं दोन वर्षांपूर्वी झालं. रंकाळ्याला रोज चालत जातात. विळी आता ओट्यावर, त्या उंच स्टुलावर बसतात. पहिले सहा आठवडे मात्र व्यायामाच्या वेळी डोळ्यांतनं पाणी यायचं, तेव्हा घरात कुणीतरी सोबत असू द्या.

मूळ प्रश्नकर्ता
ताई, स्टुलाची उंची किती घेतली ते कळवा. गंगावेशीतल्या सुताराला आजच सांगतो.