खड्डा भरायला चाळीस मिनिटं

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या ग्वादलकनाल बेटावर लढलेल्या अमेरिकन वैमानिकांबद्दल बोललं जातं, पण त्यांच्या पायाखालच्या धावपट्टीबद्दलही लिहायला हवं. जपान्यांची ही अर्धवट पट्टी ऑगस्ट १९४२मध्ये अमेरिकन मरीन्सनी घेतली, जपान्यांच्याच मागे राहिलेल्या यंत्रांनी वापरण्याजोगी केली आणि २० ऑगस्टला पहिली लढाऊ विमानं उतरली. १ सप्टेंबरला अमेरिकन नौदलाची सहावी कन्स्ट्रक्शन बटालियन, म्हणजे बांधकाम करणारी तुकडी, आली. सी आणि बी या आद्याक्षरांवरून हे लोक 'सीबीज'. बरेचसे मुळात सुतार, गवंडी, डोझर चालवणारे, वयाने सैनिकांपेक्षा थोराड.

त्यांची एक युक्ती मला फार भावते. ५०० पौंडी बॉम्बने पडणाऱ्या खड्ड्यात किती माती लागते ते मोजून तेवढी भरलेले ट्रक ते पट्टीलगत तयारच ठेवत. बॉम्ब पडला की पट्टीवर अंथरलेल्या लोखंडी पत्र्यांपैकी वाकलेले उपसायचे, माती ओतून चोपायची, नवे पत्रे एकमेकांत अडकवायचे. भोकं पाडलेला एकेक पत्रा दहा फूट लांब, सव्वा फूट रुंद, वजन तीस किलोच्या आसपास. शंभर माणसं हे चाळीस मिनिटांत उरकत! आणि तेही पुढचा हल्ला कधी येईल याचा भरवसा नसताना.