१९८२च्या गिरणी संपावर शोधतेय, कॉलेजच्या ओपॅकवर (ग्रंथालयाच्या संगणकावरच्या पुस्तकसूचीत) काहीच सापडत नाही

लालबागची_नात
एमए इतिहास, दुसरं वर्ष. प्रबंधाचा विषय: १९८२चा गिरणी संप आणि बदली कामगार. माझे आजोबा साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, बदलीवर होते. रोज पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तरच काम. त्यांचं बदलीचं कार्ड आजीने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलंय. १८ जानेवारीला संप सुरू झाला तेव्हा या बदलीवाल्यांचं काय झालं, ते मला शोधायचंय.

कॉलेजच्या ओपॅकवर ‘मुंबई गिरणी कामगार संप १९८२’ टाकलं. शून्य. ‘गिरणी संप’ टाकलं, तरी शून्य. रोमन लिपीत टाकलं तर एकच पुस्तक आलं, तेही पिठाच्या गिरणीच्या धंद्यावरचं. सर म्हणतात, आपल्या ग्रंथालयात या विषयावर भरपूर आहे. पंधरा दिवसांत संदर्भयादी द्यायचीय. माझं नक्की कुठे चुकतंय?

दादर_पूर्व
शोधगंगा बघितलंस का? पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. प्रत्येकाच्या शेवटी संदर्भसूची असते, ती आधी उतरवून घे.

कपाट_क्रमांक_७
अगं, तुझं काही चुकत नाहीये. मी २८ वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी केल्या, म्हणून खात्रीने सांगते. ओपॅक पुस्तकाच्या पोटात शिरून वाचत नाही. आम्ही जे टाइप केलं तेवढंच त्याला माहीत: नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि दोन-तीन विषय. आमच्याकडे सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी चालत नव्हती, म्हणून मराठी पुस्तकंही रोमनमध्ये चढवली. ‘गिरणी’ कोणी एका ‘आय’ने लिहिलं, कोणी दोन ‘ई’ने. विषय मात्र मराठी पुस्तकालाही इंग्रजीच. ‘संप’ नव्हे, ‘स्ट्राइक्स अँड लॉकआउट्स’. शहराचं नाव १९९५ साली बदललं, पण त्याआधीच्या नोंदींमध्ये ‘बॉम्बे’च राहिलं. आणि तू चार शब्द नि एक साल एकदम टाकलंस. ते सगळे एकाच नोंदीत असतील तरच ती नोंद वर येणार.

तेव्हा उलटं कर. सरांकडून या विषयावरच्या एका पुस्तकाचं नाव घे, फक्त एक. त्याची नोंद उघड. खाली ‘सब्जेक्ट’समोर निळ्या अक्षरांत जे असेल त्यावर क्लिक कर, त्याच विषयाची बाकीची पुस्तकं समोर येतील. नंतर ‘टेक्स्टाइल’ आणि ‘बॉम्बे’ एवढेच दोन शब्द रोमनमध्ये टाकून बघ.

आणि कृपा करून कपाटापर्यंत जा. ड्युई वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकं विषयानुसार आकड्यांनी लावायच्या पद्धतीत, संप ३३१.८९२ला येतात. तो आकडा सापडला की तिथे उभी राहून डावी-उजवीकडची पुस्तकं हातात घे. मराठीचं कपाट वेगळं असेल तर तिथेही तोच आकडा शोध. कार्डांवरून संगणकावर येताना कितीतरी पुस्तकं मागे राहिली. ती तुला स्क्रीनवर कधीच दिसायची नाहीत, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

मोर्चेकरी
एक भर. नियतकालिकातले लेख सहसा ओपॅकमध्ये नसतात, फक्त नियतकालिकाचं नाव असतं. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ मुंबईतूनच निघतं, संपावर त्यात बरंच आलंय. ग्रंथपालांना १९८२-८३चे बांधीव खंड माग. कॉलेज एन-लिस्टचं (कॉलेजांना ऑनलाइन नियतकालिकं-पुस्तकं मिळवून देणाऱ्या योजनेचं) सभासद असेल तर लॉगिनही मागून घे.

लालबागची_नात
काकू, आज अकरा वाजल्यापासून ग्रंथालयातच होते. सरांनी सांगितलेल्या पुस्तकाची नोंद उघडली, विषयावर क्लिक केलं, १४ पुस्तकं आली! ‘टेक्स्टाइल’ आणि ‘बॉम्बे’ टाकल्यावर आणखी ९. ती सगळी इथेच होती, माझ्यापासून दोन मजले खाली.

मग ३३१.८९२पाशी गेले. दोन जाड इंग्रजी पुस्तकांच्या मध्ये एक मराठी पुस्तिका दबलेली होती. पिना गंजलेल्या, मागच्या तारीखपट्टीवर शेवटचा शिक्का १९९१चा. आत चार पानं फक्त बदली कामगारांवर आहेत: कार्ड कसं मिळायचं, गेटवर नावं कोण पुकारायचं. ओपॅकवर तिच्या नावाने, लेखकाच्या नावाने, सगळ्या स्पेलिंगने शोधलं. नाहीच.

कपाट_क्रमांक_७
पहिल्या पानामागे दाखल क्रमांक असेल, म्हणजे पुस्तक ग्रंथालयात आलं तेव्हा दिलेला नंबर, शाईने लिहिलेला. तो चिठ्ठीवर लिहून काउंटरवर दे आणि नोंद करायला सांग. एका पुस्तकाला दहा मिनिटं लागतात. पुस्तिका सपाट उघडून झेरॉक्स काढू नकोस, पिनांपाशी पानं फाटतील. मोबाइलवर फोटो घे.

लालबागची_नात
चिठ्ठी दिली. त्यांनी माझ्यासमोरच नोंद केली, आणि विषयात ‘बदली’ हा शब्दही टाकला. फोटो घेतलेत, रात्री आजीला वाचून दाखवणार आहे.